पासवर्ड मॅनेजरचा बॅकअप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एकत्र साठवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः बिटवॉर्डन आणि कीपासएक्ससी यांची आहेत. विचारणारे बहुतेक जण यांपैकीच एखादं वापरतात, आणि दोन्हींचं काम पैसे न भरता भागतं. तुम्ही दुसरं काही वापरत असाल तर बटणांची नावं बदलतील, अडचणी त्याच राहतील. प्रश्न बहुतेक वेळा चोराच्या भीतीने आलेले असतात. उत्तरं मात्र स्वतःच्याच कुलपाबाहेर अडकण्याबद्दल द्यावी लागतात, कारण प्रत्यक्षात माणसं तिथेच अडकतात.

१. माझे पासवर्ड क्लाउडवर आहेत, फोनमध्ये आहेत, लॅपटॉपवरही आहेत. तीन ठिकाणी असताना वेगळा बॅकअप कशाला?

कारण ती तीन ठिकाणं नाहीत. एकच व्हॉल्ट, म्हणजे पासवर्डची तिजोरी, तीन पडद्यांवर दिसतो आहे. फोनवर एखादी नोंद चुकून पुसलीत की थोड्याच वेळात ती लॅपटॉपवरूनही जाते. बिटवॉर्डनमध्ये पुसलेली नोंद ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते, पण ३१व्या दिवशी लक्षात आलं तर काही उपाय नाही. खातंच गेलं किंवा मास्टर पासवर्ड (व्हॉल्ट उघडणारा मुख्य पासवर्ड) आठवेनासा झाला, तर तिन्ही एकदम बंद.

सेवाही बंद पडतात. मायक्रोसॉफ्टने लॉगिनचे कोड देणाऱ्या आपल्या ऑथेंटिकेटर ॲपमधली पासवर्ड साठवण्याची सोय ऑगस्ट २०२५ मध्ये काढून टाकली. ड्रॉपबॉक्स पासवर्ड्स ही सेवा ऑक्टोबर २०२५ अखेर गुंडाळली गेली. दोन्ही वेळा आधी सूचना मिळाली होती, पण अशा ईमेल आपण किती वाचतो ते आपल्यालाच माहीत. आगीला तर सूचनेचीही गरज नसते. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाउड कंपनीचं डेटा सेंटर जळलं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं.

२. बॅकअप म्हणजे नेमकं काय काय जपायचं? एक फाइल पुरते का?

पुरत नाही, आणि घोटाळा इथेच होतो. व्हॉल्टची एक्स्पोर्ट केलेली, म्हणजे मॅनेजरमधून बाहेर काढलेली, फाइल लागते. ती उघडणारा पासवर्ड लागतो. पासवर्ड मॅनेजरचा मास्टर पासवर्ड आणि त्याच्या टू-स्टेप लॉगिनचा (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) रिकव्हरी कोड, म्हणजे तो दुसरा कोड मिळेनासा झाला तर वापरायचा कोड, लागतो. शिवाय ज्या ईमेलवर खातं आहे त्या ईमेलमध्ये शिरण्याचा असा रस्ता लागतो, जो व्हॉल्टमधून जात नाही. फाइल सोडून बाकी सगळं एका कागदावर मावतं. त्या कागदाबद्दल प्रश्न १० मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

कीपासएक्ससी वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. त्यांचा व्हॉल्ट ही मुळातच एक एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, केडीबीएक्स प्रकारची फाइल असते. तिची प्रत काढली की बॅकअप झाला, एक्स्पोर्टची भानगड नाही. की-फाइल (व्हॉल्ट उघडायला पासवर्डच्या जोडीला लागणारी फाइल) वापरत असाल तर मात्र प्रश्न १६ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. बिटवॉर्डनमध्ये एक्स्पोर्ट करताना बरेच पर्याय दिसतात. कोणता घ्यायचा?

‘एन्क्रिप्टेड जेसॉन’ निवडा (जेसॉन हा फाइलचा एक प्रकार), आणि त्यात पुन्हा दोन प्रकार दिसतील त्यांपैकी ‘पासवर्ड प्रोटेक्टेड’ घ्या. हे उत्तर पाठ केलंत तरी चालेल, पण कारणं जाणून घ्या.

‘अकाउंट रिस्ट्रिक्टेड’ हा प्रकार पहिल्यापासूनच निवडलेला असतो, म्हणून बरेच जण तसंच पुढे जातात. ही फाइल तुमच्या खात्याच्या एन्क्रिप्शन कीने बंद केलेली असते. म्हणजे ती फक्त त्याच खात्यात परत घेता येते. खातं बंद झालं, नवं खातं उघडलं किंवा कधी तुम्ही ती की बदलली (मास्टर पासवर्ड बदलताना तसा चौकोन समोर येतो), की फाइल कायमची निरुपयोगी. ज्या दिवशी बॅकअपची खरी गरज पडते त्याच दिवशी खातं हाताशी नसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्यामुळे हा पर्याय मला मुळातच पटत नाही.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड’ फाइलला तुम्ही स्वतः पासवर्ड देता. ती कोणत्याही बिटवॉर्डन खात्यात उघडते. आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही: कीपासएक्ससीच्या २.७.७ पासूनच्या आवृत्त्या ही फाइल थेट वाचतात. बिटवॉर्डनचे सर्व्हर बंद असले, इंटरनेट नसलं, तरी तुमचे पासवर्ड तुमच्या लॅपटॉपवर उघडू शकतात.

साधी जेसॉन आणि सीएसव्ही (तक्त्यासारखी साधी मजकुराची फाइल) या दोन्ही उघड्या, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेल्या, फाइली आहेत. कोणीही नोटपॅडमध्ये उघडून वाचू शकतो. सीएसव्हीत तर फक्त लॉगिन आणि सुरक्षित नोट्स येतात. कार्डं आणि ओळखीचे तपशील गळतात, आणि गळाल्याचं सांगितलंही जात नाही.

४. मी सीएसव्ही काढली, एक्सेलमध्ये उघडून पाहिली, सगळं नीट दिसतंय. मग हरकत काय?

नीट दिसतंय, पण सेव्ह केलंत का? एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं. नोटमध्ये लिहिलेला १६ अंकी कार्ड नंबर एका खणात एकटाच असेल तर त्याचा शेवटचा अंक शून्य होतो. शून्याने सुरू होणाऱ्या पिनचं पहिलं शून्य गायब होतं. बरोबर किंवा अधिक चिन्हाने सुरू होणारा पासवर्ड एक्सेलला सूत्र वाटतो. मराठीत लिहिलेल्या नोंदी तर पुष्कळदा अगम्य चिन्हांच्या ओळी होऊन समोर येतात, आणि तशाच सेव्ह झाल्या की मूळ मजकूर परत मिळत नाही. सीएसव्ही ही एका मॅनेजरमधून दुसऱ्यात जाताना तासाभरासाठी वापरायची फाइल आहे. ती साठवून ठेवायची नाही आणि एक्सेलमध्ये तर उघडायचीच नाही.

५. उघडी फाइल आधीच काढून झाली आहे. डिलीट केली, रिसायकल बिनही रिकामा केला. एवढं पुरे ना?

आधी ती फाइल कुठे सेव्ह झाली होती ते आठवा. विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर बऱ्याच जणांकडे वनड्राइव्हवर आपोआप चढत असतात. तसं असेल तर वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जाऊन तिथलाही रिसायकल बिन रिकामा करा. स्वतःलाच व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने पाठवली असेल तर तिथूनही काढा.

लॅपटॉपमध्ये एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर फाइलवर दुसरा मजकूर लिहून तिचा मागमूस पुसणाऱ्या प्रोग्रॅमवर विसंबू नका. एसएसडी नवा मजकूर जुन्याच जागी लिहीत नाही, त्यामुळे जुन्या खुणा राहू शकतात. खरा उपाय आधी करायचा असतो: अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केलेली असावी, म्हणजे विंडोजवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट. ज्या मॅनेजरला एन्क्रिप्टेड एक्स्पोर्ट येतच नाही (वनपासवर्डची वनपक्स फाइल उघडीच असते, क्रोममधून निघते ती सीएसव्ही), त्यांच्यासाठी आधी व्हेराक्रिप्ट या प्रोग्रॅमने एन्क्रिप्टेड कप्पा तयार करून उघडा आणि फाइल थेट त्यातच सेव्ह करा. फाइली दाबून कुलूपबंद करणारा सेव्हन-झिप हा प्रोग्रॅमही चालतो, फक्त झिप न निवडता सेव्हन-झेड प्रकार निवडा आणि फाइलींची नावंही एन्क्रिप्ट करण्याच्या चौकोनावर टिक करा. त्यात आधी उघडी फाइल डिस्कवर उतरते एवढं लक्षात असू द्या.

६. किती प्रती ठेवायच्या आणि कुठे?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम अजूनही पुरतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. आपल्यासाठी याचा अर्थ असा: चालू व्हॉल्ट ही एक प्रत, घरातला पेन ड्राइव्ह दुसरी, आणि दुसऱ्या गावातला पेन ड्राइव्ह किंवा क्लाउडवरची एन्क्रिप्टेड फाइल तिसरी.

‘घराबाहेर’ म्हणजे शेजारच्या फ्लॅटमध्ये नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्यात गेलं. अशा वेळी एकाच वस्तीतली दोन कपाटं एकदमच भिजतात. तुम्ही पुण्यात आणि आई-बाबा रत्नागिरीला असतील तर एक पाकीट तिकडे ठेवा. फाइल एन्क्रिप्टेड आहे, त्यामुळे पेन ड्राइव्ह कोणाच्या हाती लागला म्हणून आभाळ कोसळत नाही. पासवर्डचा कागद मात्र त्याच पाकिटात नको.

पेन ड्राइव्ह लॅपटॉपला कायम लावून ठेवू नका. रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) आलं तर ते जोडलेले सगळे ड्राइव्ह कुलूपबंद करतं. आणि वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या पेन ड्राइव्हमधला मजकूर विरू शकतो, म्हणून अधूनमधून तो लावून फाइल नव्याने लिहायची.

७. एन्क्रिप्ट केलेली फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवली तर चालेल का?

चालेल. फाइलचा पासवर्ड दमदार असेल (पुढचा प्रश्न) तर ती ड्राइव्हवर पडून असण्यात फार मोठा धोका नाही. पण गूगलचा पासवर्ड कुठे आहे? व्हॉल्टमध्ये. आणि व्हॉल्ट उघडत नाही म्हणून तर तुम्ही ड्राइव्हकडे निघालात. हा फेरा तोडण्यासाठी गूगलचा पासवर्ड आणि त्याचे बॅकअप कोड कागदावर असायलाच हवेत, नाहीतर ही प्रत मोजू नका.

८. बॅकअप फाइलचा पासवर्ड कसा असावा? मास्टर पासवर्डच दिला तर?

फाइल चोराच्या हाती लागली तर त्याला कोणी अडवणारं नसतं. ‘पाच चुकीचे प्रयत्न झाले, खातं बंद’ हा प्रकार फक्त वेबसाइटवर चालतो. फाइलवर चोर रात्रंदिवस लाखो पासवर्ड आजमावू शकतो. म्हणून इथे लांबी हवी. डाइसवेअर ही पद्धत १९९५ पासून आहे: पाच वेळा फासा टाकायचा, ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द निघतो. असे सहा शब्द घेतले की सुमारे ७७ बिट (दर बिटागणिक शक्यता दुप्पट) इतकी ताकद येते आणि पाठही होतात. शब्द फाशाने निवडायचे, मनाने नाही. मनाने निवडले की गाव, देव आणि मुलांची नावं येतात.

मास्टर पासवर्डच असा सहा शब्दी असेल तर तोच फाइललाही देण्यात मला गैर वाटत नाही. वेगळा ठेवला तर सैद्धांतिक सुरक्षा थोडी वाढते, पण जो पासवर्ड वर्षातून दोनदा टाइप करायचा तो विसरण्याची खात्रीच असते. वेगळा ठेवणार असाल तर कागदावर लिहा.

९. मास्टर पासवर्ड देवनागरीत ठेवला तर चोराला सुचणारच नाही, बरोबर?

चोराचं माहीत नाही, तुम्हालाच तो पुन्हा टाइप करता येईल याची हमी नाही. ‘ॲ’ हे अक्षर एका कीबोर्डवरून एकाच चिन्हाने बनतं, तर दुसऱ्यावरून ‘अ’ आणि वर अर्धचंद्र असं दोन चिन्हांनी. ‘सुऱ्या’मधला ‘ऱ’ही दोन प्रकारे लिहिला जातो, आणि जोडाक्षरांत न दिसणारी चिन्हं घुसतात. डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं, प्रोग्रॅमला मात्र ते वेगळे पासवर्ड वाटतात. फोन बदलला, कीबोर्ड ॲप बदललं आणि व्हॉल्ट बंद, असं होऊ शकतं. शिवाय परक्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही. मराठी शब्दच हवे असतील तर ते रोमन लिपीत लिहा, एकदा ठरवलेलं स्पेलिंग बदलू नका, आणि तेही फाशानेच निवडा.

१०. पासवर्ड कागदावर लिहू नका असं सगळे सांगतात. तुम्ही लिहायला सांगता?

हो. मॉनिटरला चिकटवलेला कागद आणि कपाटात बंद पाकिटातला कागद यांत फरक आहे. इंटरनेटवरचा चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. घरफोडी करणाऱ्याला दागिने हवे असतात, बिटवॉर्डनचा मास्टर पासवर्ड नाही. घरातल्याच कोणाचा भरवसा नसेल तर मात्र हे उत्तर तुमच्यासाठी नाही. तेव्हा कागद घराबाहेर ठेवा.

कागदावर काय असावं ते प्रश्न २ मध्ये आहे. त्यात कोणत्या ईमेलवर खातं आहे, कोणता प्रोग्रॅम वापरता आणि पेन ड्राइव्ह कुठे आहे हेही लिहा. वनपासवर्ड वापरणाऱ्यांना ‘इमर्जन्सी किट’ नावाची पीडीएफ आयतीच मिळते. तिच्यात सीक्रेट की, म्हणजे मास्टर पासवर्डच्या जोडीला लागणारा लांब कोड, असते. नव्या उपकरणावर फक्त मास्टर पासवर्डने ते खातं उघडत नाही, त्यामुळे ती पीडीएफ छापून ठेवलीच पाहिजे.

छापण्यावरून आठवलं: हा कागद झेरॉक्सच्या दुकानात छापू नका. आपण फाइल दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, प्रिंट घेतो, दहा रुपये देतो आणि निघतो. फाइल त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोड्समध्ये, कोणाचं तरी आधार कार्ड आणि कोणाच्या तरी लग्नपत्रिकेशेजारी पडून राहते. घरी प्रिंटर नसेल तर हाताने लिहा. जेल पेनाची शाई पाण्याने पसरते, म्हणून साधं बॉलपेन घ्या. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं ठळक वेगळी काढा, शून्याला आडवी रेघ मारा, एक आणि एल ओळखू येतील असे लिहा. लिहून झाल्यावर स्मरणातून नाही, तर कागद बघून एकदा लॉगिन करा.

११. बॅकअप दर किती दिवसांनी घ्यावा?

तीन महिन्यांनी एकदा, आणि ईमेलचा किंवा बँकेचा पासवर्ड बदलला की लगेच. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. शेवटच्या तीन-चार फाइली ठेवा, कारण एखादी नोंद बिघडल्याचं कधी कधी उशिरा कळतं. त्याहून जुन्या काढून टाका.

१२. घेतलेला बॅकअप चालतो की नाही हे कसं कळणार?

उघडून. दुसरा मार्ग नाही. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांची कंपनी, तरीही ३१ जानेवारी २०१७ ला त्यांचा चालू डेटाबेस चुकून पुसला गेला तेव्हा लक्षात आलं की बॅकअपच्या पाच व्यवस्थांपैकी एकही नीट चालत नव्हती. फाइली बनत असतील असं सगळे धरून चालले होते.

एका रविवारी अर्धा तास काढा. चालू फोन बाजूला ठेवा. घरातला दुसरा लॅपटॉप घ्या, त्यात कीपासएक्ससी आधीच टाकून ठेवा आणि वाय-फाय बंद करा. हाताशी फक्त पेन ड्राइव्ह आणि कागद. कीपासएक्ससीत इंपोर्ट करा, प्रकार बिटवॉर्डन, फाइल पेन ड्राइव्हवरची. कुठे इंपोर्ट करायचं असं विचारलं की तात्पुरत्या डेटाबेसचा पर्याय घ्या, म्हणजे मागे काही उरणार नाही. पासवर्ड कागदावरून टाइप करा. बहुतेकांचा बॅकअप इथेच नापास होतो: फाइल ठणठणीत असते, पण कागदावरचा शून्य आहे की ओ ते कळत नाही.

उघडलं तर नोंदींची संख्या चालू व्हॉल्टशी ताडून पाहा. मग एक सर्वांत जुनी नोंद, एक कालची, एक मराठी मजकुराची आणि एक कार्ड उघडून वाचा. व्हॉल्टमध्ये ओटीपीचे कोड ठेवत असाल तर एका खात्याचा सहा अंकी कोड लॅपटॉपवर काढा आणि फोनवरच्या कोडशी जुळवा. जुळत नसेल तर आधी लॅपटॉपचं घड्याळ तपासा. हे कोड वेळेवर चालतात, घड्याळ दोन मिनिटं मागे असलं की चुकतात.

१३. ऑथेंटिकेटर ॲपमधले कोड या बॅकअपमध्ये येतात का?

व्हॉल्टमध्येच साठवले असतील तर जेसॉन फाइलमध्ये येतात. मग पासवर्ड आणि दुसरं कुलूप दोन्ही एकाच फाइलमध्ये आले. सोय की सुरक्षा, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी निदान ईमेल आणि पासवर्ड मॅनेजर या दोन खात्यांचे कोड तरी बाहेर ठेवायला सांगतो.

वेगळं ॲप वापरत असाल तर त्याचा वेगळा बॅकअप. अँड्रॉइडवरचं एजिस एन्क्रिप्टेड फाइल काढून देतं. ऑथी या ॲपमधून कोड बाहेर काढायची अधिकृत सोय नाही, तिथून निघायचं तर प्रत्येक वेबसाइटवर जाऊन टू-स्टेप लॉगिन नव्याने लावावं लागतं. गूगल ऑथेंटिकेटर एप्रिल २०२३ पासून गूगल खात्यात सिंक होतं, पण मग प्रश्न ७ मधला फेरा इथेही लागू होतो.

१४. नव्या फोनवर बिटवॉर्डन ईमेलवर आलेला कोड मागतं. ईमेलचा पासवर्ड तर बिटवॉर्डनमध्येच आहे! आता?

ज्या खात्यांना टू-स्टेप लॉगिन नाही, त्यांना नव्या उपकरणावर ईमेलचा कोड विचारणं बिटवॉर्डनने २०२५ पासून सुरू केलं. आता अडकलाच असाल तर ज्या कोणत्या जुन्या उपकरणावर ईमेल किंवा बिटवॉर्डन अजून उघडं आहे ते शोधा: ऑफिसचा लॅपटॉप, घरातला टॅब, ब्राउझरचं एक्स्टेन्शन. तिथून लॉगआउट मात्र करू नका. पुढे असं होऊ नये म्हणून ऑथेंटिकेटर ॲपने टू-स्टेप लॉगिन लावा आणि रिकव्हरी कोड कागदावर उतरवा. तो कोड एकदाच चालतो. वापरल्यावर टू-स्टेप बंद होतं आणि नवा कोड तयार होतो, तो पुन्हा लिहून घ्यायचा.

१५. मास्टर पासवर्ड बदलला. जुन्या बॅकअपचं काय करायचं?

जुन्या फाइली जुन्याच पासवर्डने उघडतात. सहज म्हणून बदलला असेल तर नवी फाइल काढा, कागद नव्याने लिहा, जुन्या फाइली पुसा. जुना पासवर्ड कोणाला कळला म्हणून बदलला असेल तर जुन्या फाइली पुसणं आणखी निकडीचं आहे.

आणि फाइलच चोरीला गेली असेल तर मास्टर पासवर्ड बदलून काहीही साधत नाही. चोराकडच्या प्रतीला जुनंच कुलूप आहे. २०२२ मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या व्हॉल्टचे बॅकअप चोरीला गेले तेव्हा नेमकं हेच झालं. पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडे होते, आणि बऱ्याच जुन्या खात्यांची एन्क्रिप्शनची सेटिंग फार कमकुवत राहून गेली होती. अशा वेळी व्हॉल्टमधले पासवर्ड एकेक करून बदलावे लागतात: आधी ईमेल, मग बँका आणि डीमॅट, मग बाकीचे.

१६. कीपासला की-फाइल म्हणून मी घरच्यांचा एक फोटो लावला आहे. तो गूगल फोटोजमध्ये आहेच, म्हणजे सुरक्षित ना?

नाही. की-फाइलमधलं एक बाइट जरी बदललं तरी व्हॉल्ट उघडत नाही. गूगल फोटोजवर ‘स्टोरेज सेव्हर’ असेल तर फोटो दाबून साठवला जातो, व्हॉट्सॲपवर पाठवलेलाही दाबला जातो. दिसायला तोच फोटो, फाइल मात्र दुसरी. की-फाइल प्रोग्रॅमकडूनच बनवून घ्या. ती छोटी मजकुराची फाइल असते, त्यातली किल्ली ६४ अक्षर-अंकांची, सोबत तपासणीचा आकडा. म्हणजे कागदावर छापून गरज पडली तर पुन्हा टाइपही करता येते. फाइल व्हॉल्टच्या पेन ड्राइव्हवर नको आणि फक्त एकाच ठिकाणी तर नकोच.

१७. कीपासची फाइल ड्राइव्हवर सिंक करतो. मध्येच एकाच नावाच्या दोन फाइली झाल्या. कोणती खरी?

दोन्ही. फोन आणि लॅपटॉपवर एकाच वेळी बदल झाले की असं होतं. एकही पुसू नका. आधी दोन्हींच्या प्रती बाजूला ठेवा, मग कीपासएक्ससीत एक उघडून डेटाबेस मेनूतून दुसरी तिच्यात मर्ज करा.

१८. एक्स्पोर्टमध्ये काय काय येत नाही?

बिटवॉर्डनमध्ये नोंदीला जोडलेल्या फाइली जेसॉनमध्ये येत नाहीत. पॉलिसीची पीडीएफ, पासपोर्टचा स्कॅन वगैरे वेगळे उतरवून घ्या. नव्या आवृत्त्यांत त्यांच्यासकट झिप काढता येते, पण ती उघडी असते (प्रश्न ५). ट्रॅशमधल्या नोंदी येत नाहीत. कुटुंबाच्या सामायिक कप्प्यातल्या नोंदी तुमच्या वैयक्तिक एक्स्पोर्टमध्ये येत नाहीत, आणि वीजबिल, वायफाय, मुलांची शाळा हे सगळं नेमकं तिथेच असतं. त्या कप्प्याचा एक्स्पोर्ट वेगळा काढायचा. पासकी (पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्ल्या) जेसॉनमध्ये येतात, सीएसव्हीत नाहीत. सिक्युरिटी कीमध्ये (लॉगिनसाठी लावायचं छोटं उपकरण) साठवलेल्या पासकीची प्रत निघतच नाही, तिथे दुसरी की विकत घेऊन तीही नोंदवणं हाच बॅकअप.

१९. मला काही झालं तर बायकोला हे सगळं कसं मिळेल? ती म्हणते, तुझं ते मला कळत नाही.

तिला कळेल असं करा, ती जबाबदारी तुमची. बिटवॉर्डनच्या प्रीमियममध्ये ‘इमर्जन्सी ॲक्सेस’ आहे: तुम्ही ठरवलेली व्यक्ती मागणी करते, तुम्ही ठरवलेले दिवस उलटेपर्यंत नकार दिला नाही तर तिला व्हॉल्ट दिसतो. चांगली सोय आहे, पण त्यासाठी तिचं स्वतःचं खातं हवं आणि त्याचा पासवर्ड तिला आठवायला हवा. म्हणून कागद हवाच. प्रश्न १२ मधली चाचणी एकदा तिच्या हातून करून घ्या, तुम्ही शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. ती जिथे अडेल तिथे कागदावर एक ओळ वाढवा.

कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकरला नॉमिनी आहे का ते पाहा. रविवारी लॉकर उघडत नाही, म्हणून एकुलता एक कागद तिथे नको. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत असते. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तीही नसते.

आणि व्हॉल्ट मिळाला म्हणजे पैशांवर हक्क मिळाला असं नाही. खात्यांना आणि गुंतवणुकींना नॉमिनी, शक्य तर मृत्युपत्र, हे वेगळं करावंच लागतं.

२०. मी जर्मनीत राहते. सगळे पासवर्ड परत मिळाले तरी भारतातल्या बँका ओटीपी भारतातल्या सिमवरच पाठवतात.

ते सिम हाही तुमच्या बॅकअपचाच भाग समजा. रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये घाला आणि रोमिंगवर एसएमएस येतात का ते गरज पडण्याआधी तपासा. बँकेने परदेशी नंबर नोंदवायची सोय दिली असेल तर ती घ्या. ईसिम असेल तर फोन हरवल्यावर ते नव्या फोनमध्ये कसं मिळतं हे कंपनीला आधीच विचारा, काही वेळा त्यासाठी भारतातल्या दुकानात जावं लागतं.

२१. मी घरच्या सर्व्हरवर व्हॉल्टवॉर्डन (स्वतः चालवायचा, बिटवॉर्डनशी जुळणारा सर्व्हर) चालवतो. डेटा फोल्डर रोज कॉपी होतो. ठीक आहे ना?

अर्धवट. सर्व्हर चालू असताना एसक्यूएलाइटची (व्हॉल्टवॉर्डन ज्यात सगळं साठवतं ती) डेटाबेस फाइल नुसती कॉपी केली तर प्रत अर्ध्या लिहिलेल्या अवस्थेत निघू शकते. एसक्यूएलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा वापरा, किंवा सेवा थांबवून कॉपी करा. सोबत अटॅचमेंटचा फोल्डर, कॉन्फिगरेशनची फाइल आणि आरएसए किल्ल्यांच्या फाइलीही घ्या. आणि एवढं सगळं असलं तरी घरातल्या प्रत्येकाला प्रश्न ३ मधली पासवर्ड प्रोटेक्टेड फाइल काढायला लावा, कारण तुम्ही गावाला गेलेले असताना सर्व्हर बंद पडला तर तो पुन्हा चालू करणारं घरात दुसरं कोणी नसतं.